बाई, दादी आणि एक सही

मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या पिढीच्या जिभेवर ‘टीचर’ हा शब्द अजून नीट बसत नाही. आम्हाला होत्या त्या ‘बाई’. नाव कळायला चौथी उजाडली, आडनाव कळले ते दाखल्यावरची सही वाचता येऊ लागली तेव्हा. घरात अम्मी, दादी, खाला, फुफी अशी नाती होती, त्यांच्याच रांगेत शाळेतल्या बाई जाऊन बसल्या होत्या. आज साठीला टेकताना मागे वळून पाहते, तर आमच्या घराच्या चालीरीतींत, बोलण्यात, इतकेच काय दादीच्या बँकेच्या पासबुकातही बाईंचा हात दिसतो. म्हणून हे लिहायला घेतले.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात. अब्बा कामासाठी अंबरनाथला आले आणि आगपेटीच्या कारखान्यात, म्हणजे विमकोत लागले. त्या वेळचे अंबरनाथ कारखान्यांच्या भोंग्यावर चालायचे. एका बाजूला विमको, दुसऱ्या बाजूला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, त्यापलीकडे एमआयडीसी. शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे. इंग्रजांच्या लष्करी छावणीच्या बराकींत त्यांना जागा मिळाली आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. म्हणून तिथले पत्ते अजूनही ‘कॅम्प नंबर’ने सांगतात. पुढचे स्टेशन बदलापूर. तेव्हा तिथे भातशेती होती, आंब्याची झाडे होती आणि फलाटावर मोजकी माणसे. बाई त्या बदलापूरहून लोकलने यायच्या.

मी जून १९७२ मध्ये पहिलीत गेले. महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचे ते वर्ष. गावाकडून चुलत्याचे कुटुंब आमच्याकडे राहायला आले होते आणि दोन खोल्यांत अकरा माणसे झाली होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरी थापताना अम्मी वैतागायची. अशा घरातून मी शाळेत गेले. घरी आम्ही दखनी बोलायचो. मराठी कानावर होती, पण जिभेवर नव्हती. दादीचे म्हणणे होते की पोरगी उर्दू शाळेत जावी. उर्दू शाळा लांब, गाडीने जावे लागणार. मराठी शाळा गल्लीच्या टोकाला. अब्बांनी जवळची निवडली.

दादीला ते पटले नव्हते. “आपल्या लेकरांना परक्यांनी काय शिकवायचं?” असे ती म्हणाली, तेव्हा अब्बांनी तिला मशिदीत ऐकलेली गोष्ट सांगितली. बद्रच्या लढाईनंतर, हिजरीच्या दुसऱ्या वर्षी, मक्केचे काही कैदी मदिनेत होते. त्यांच्याकडे सुटकेसाठी द्यायला पैसा नव्हता, पण लिहिता-वाचता येत होते. त्यांना सांगण्यात आले की प्रत्येकाने मदिनेतल्या दहा मुलांना लिहायला शिकवावे, तीच त्यांची खंडणी. “ते तर आपल्याशी लढायला आलेले होते दादी,” अब्बा म्हणाले, “ही बाई बिचारी लोकलने येते.” अब्बाही लेकरांच्या सवयीने तिला दादीच म्हणायचे. ती त्यावर काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्याला तेल लावून घट्ट वेणी तिनेच घातली.

आमच्या वर्गात पन्नासाच्या वर मुले होती. आगरी होती, घाटावरची होती, कोकणातली होती. दारूगोळा कारखान्यातल्या मल्याळी कामगाराचा एक मुलगा होता आणि एक सिंधी मुलगी होती. तिचे वडील दुकानात बसून उजवीकडून डावीकडे वाचायचे वर्तमानपत्र वाचत. ते पाहून मी घरी येऊन सांगितले होते की त्या अंकलना कुरआन वाचता येतो. अब्बा हसले आणि म्हणाले, ती सिंधी भाषा, लिपी आपल्यासारखी दिसते. एवढ्या भाषांच्या पोरांना एकच बाराखडी शिकवायची म्हणजे काय, हे मी पुढे स्वतः करून पाहिले तेव्हा कळले.

बाईंकडे साधने काहीच नव्हती. फळा होता, तोही मध्ये चिरलेला. गावात मात्र आगपेट्यांना तोटा नव्हता. बाईंनी प्रत्येकाला घरच्या रिकाम्या आगपेट्या आणायला सांगितल्या. विझलेल्या काड्याही, डोके कापून आणि धुऊन. काड्या मोजायला. दहा झाल्या की दोऱ्याने जुडी बांधायची, ते झाले दशक. दहा जुड्या एका डब्यात गेल्या की शतक. बेरजेत हातचा घेणे म्हणजे सुट्या काड्यांची जुडी बांधणे आणि वजाबाकीत हातचा आणणे म्हणजे जुडी सोडणे. हे ज्याने हाताने केले त्याला पुढे कधी गणिताची भीती वाटली नाही. पेट्यांवर बाईंनी कागद चिकटवून अक्षरे लिहिली होती. पेट्या शेजारी-शेजारी ठेवल्या की शब्द. ‘घर’ होताना ‘घ’ आणि ‘र’ यांच्यात अंतर राहिले तर बाई म्हणायच्या, “मधून वारा येतोय, भिंत जवळ घे.”

शनिवारी शाळा सकाळची. त्या दिवशी शेवटच्या तासाला प्रत्येकाने घरचा एक शब्द आणायचा. मल्याळी मुलाने पाण्याला ‘वेळ्ळम’ आणले. सिंधी मुलीने भाकरीला ‘मानी’ आणले. आगरी मुलाने ‘निवटी’ आणली आणि ती चिखलात कशी उड्या मारते ते करून दाखवले, तेव्हा वर्ग हसून लोटपोट झाला. मी ‘खाला’ नेला. मागच्या बाकावरून कोणी तरी “खाल्ला?” असे ओरडले. बाईंनी त्याला गप्प केले नाही. त्यांनी फळ्यावर लिहिले: खुर्ची, कागद, दप्तर, शाई, हजेरी, तारीख, रजा. आणि विचारले, “हे शब्द कोणाचे?” सगळे म्हणाले, “आमचे, मराठी.” बाई म्हणाल्या, “आता मराठीच. पण हे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले. हिच्या घरी बोलतात ना, त्या भाषेचे नातेवाईक. आणि पाव, बटाटा, पगार हे पोर्तुगिजांकडून आले. ते काढून टाकले तर तुम्ही बसणार कशावर, लिहिणार कशावर आणि वडापावात खाणार काय?”

त्या दिवशी मी घरी येऊन दादीला सांगितले की ‘हजेरी’ हा आपला शब्द आहे. पुढे मोठेपणी कळले की माधव जूलियन यांनी १९२५ साली आख्खा फारसी-मराठी कोश केला होता. बाईंनी तो पाहिला होता की नाही, माहीत नाही. सहा वर्षांच्या पोरीला वर्गात आपली जागा आहे असे वाटायला सात शब्द पुरले.

फळ्याच्या कोपऱ्यात बाई रोज तारीख लिहायच्या. तिसरीपासून त्या तीन प्रकारे लिहू लागल्या: इसवी सन, शके आणि हिजरी. हिजरीचे काम माझ्याकडे. रोज सकाळी मी अब्बांना विचारून जायचे, “आज चांद कितवा?” १९७५ साली फळ्यावर शके १८९७ होते आणि हिजरी १३९५. चौथीत बाई आम्हाला चालत शिवमंदिराला घेऊन गेल्या. जाण्याआधी त्यांनी अब्बांना निरोप पाठवला की इतिहासासाठी जातोय, पाठवता का ते कळवा. अब्बांनी पाठवले. वालधुनीच्या काठावर आम्ही बसलो आणि बाईंनी सांगितले की इथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, शिलाहार राजांच्या वेळचा. मग इसवी सन किती? आम्ही पाटीवर ७८ मिळवले आणि १०६० काढले. काळ्या दगडांवरची नक्षी बघत आम्ही डबे उघडले. तिथून मान वर केली की मलंगगडाचा डोंगर दिसायचा. बाई म्हणाल्या, “तिकडे कोण कोण गेलंय?” अर्ध्या वर्गाने हात वर केले. त्यात कोण कोणाचा हे कोणी मोजले नाही.

शाळेत सकाळी प्रार्थना असायची. पहिल्याच आठवड्यात मी हात कसे ठेवायचे म्हणून गोंधळले होते. बाईंनी जवळ येऊन हळूच विचारले, “तुमच्या घरी दुआ मागताना हात कसे धरतात?” मी तळवे वर करून दाखवले. “मग तसेच धर. नाहीतर नुसती शांत उभी राहा.” एवढेच. त्यावर भाषण नाही, कोणाला बोलावणे नाही. १९७५ चा रमजान सप्टेंबरात आला. मी पहिला रोजा धरला होता, नऊ वर्षांची होते. त्या दिवशी कवायत होती. बाईंनी मला काही न विचारता वर्गात ठेवून घेतले आणि हजेरीपटावर रेघा मारायला दिल्या. संध्याकाळी इफ्तारला आमच्या दारात खजुराचा पुडा होता. तो बाईंनी घरी जाता जाता एका मुलाबरोबर पाठवला होता.

आता त्या सहीची गोष्ट.

चौथी संपत आली तसे घरात बोलणे सुरू झाले. चौथीपर्यंतची शाळा गल्लीत होती. पाचवीसाठी हायस्कूल होते रुळांच्या पलीकडे. अम्मी उल्हासनगरच्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांकडून काज-बटणाचे काम आणायची. शर्टामागे काही पैसे मिळायचे. माझी बोटे चांगली चालायची. दादीचे म्हणणे सरळ होते: पोरीला नाव लिहिता आले, हिशेब आला, कुरआन नाजरा झाला, आता आणखी काय हवे? पूल ओलांडून, गर्दीतून, वयात येणारी पोरगी रोज कशाला पाठवायची? त्यात दुष्टपणा नव्हता. तिने आयुष्यात जे पाहिले होते, त्यातून आलेली ती काळजी होती. अब्बा गप्प होते. आईपुढे ते फार बोलत नसत.

त्याच सुमारास बाईंनी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म भरून घेतले. पालकांची सही आणायला सांगितली. माझा फॉर्म आठ दिवस दप्तरात राहिला. नवव्या दिवशी, रविवारी, सुट्टी असताना बाई आमच्या दारात उभ्या होत्या. हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

अम्मीने चटई अंथरली. अब्बा “बसा बाई, बसा” म्हणून दाराबाहेर जाऊन उभे राहिले. दादी आत तांदूळ निवडत होती, ती उठली नाही. बाई तिच्याजवळच जमिनीवर जाऊन बसल्या आणि ताटातले तांदूळ निवडू लागल्या. थोड्या वेळाने विचारले, “आजी, तुमचं माहेर कुठलं?”

“शिरवळ.”

“मग नायगाव तुम्हाला माहीत असणार.”

“शिरवळपासून किती ते लांब! माझी आत्या दिलेली तिथं.”

“सावित्रीबाई फुले त्या नायगावच्या. तुमच्या गावाकडच्या. पुण्यात मुलींची पहिली शाळा काढली १८४८ साली, तेव्हा लोकांनी शेण मारलं त्यांना.”

दादीचा हात थांबला. “पोरींना शिकवलं म्हणून?”

“पोरींना शिकवलं म्हणून.”

मग बाईंनी कामाचे विचारले. दिवसाला किती शर्ट होतात, पोरगी किती करते, व्यापारी पैसे वेळेवर देतो का. अम्मीने आकडे सांगितले. बाईंनी ते उडवून लावले नाहीत. त्या म्हणाल्या, “पाचवीची शाळा दुपारच्या पाळीत भरते. सकाळचे दोन तास तिचे तुमच्याकडे राहतील. तेवढ्यात तिच्या वाट्याचे निम्मे शर्ट होतील. निम्म्याचं नुकसान होईल, ते खरं आहे. ते मी नाही म्हणणार नाही.” आणि पुलाचे म्हणाल, तर याच गल्लीतून आणखी तीन मुली जाणार आहेत, चौघी बरोबर जातील, मी त्यांच्या आयांशी बोलून आले आहे.

दादी म्हणाली, “सही बापाची घ्या. मला कुठं येते सही, मी अंगठा करते.”

बाई म्हणाल्या, “आजी, तुम्ही कुरआन वाचता ना?”

“रोज वाचते.”

“मग तुम्ही वाचणाऱ्या आहात. लिहायला कोणी शिकवलं नाही, एवढंच. फॉर्म द्यायला अजून तीन आठवडे आहेत. ही तुमची नात तुम्हाला सही शिकवेल. सही तुमचीच हवी मला. घरात सगळ्यात मोठ्या तुम्ही.”

त्या चहा पिऊन गेल्या. मला वाटत होते की दादी रागावेल. रात्री जेवणे झाल्यावर ती म्हणाली, “पाटी आण.”

तीन आठवडे मी दादीची मास्तरीण होते. आगपेट्यांची अक्षरे घरी आणली. डोळ्यांनी तिला अक्षर लगेच ओळखता यायचे, कारण वाचायची सवय होती. पण हात उजवीकडून डावीकडे जायचा. मी तिचा हात धरून उलटा फिरवायचे. ती वैतागायची, पाटी बाजूला सारायची, तांदूळ निवडायला घ्यायची आणि पुन्हा पाटी ओढायची. वरची रेघ तिला फार आवडली. “ही म्हणजे दोरी,” ती म्हणायची, “अक्षरं वाळत घातलीत तिच्यावर.” शेवटच्या दिवशी दुपारी, अब्बा कामावरून यायच्या आत, तिने फॉर्मवर सही केली. पेन इतके दाबले की मागच्या पानावर उमटले. मी तो फॉर्म बाईंना दिला. त्यांनी पाहिला, दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि बाकीच्या फॉर्ममध्ये ठेवून दिला. वर्गात एक शब्द बोलल्या नाहीत.

शिष्यवृत्ती मला मिळाली नाही, थोड्या गुणांनी गेली. पण तो निकाल लागेपर्यंत पाचवीचे नाव घातलेले होते आणि दादीनेच मला नवीन चपला घेतल्या होत्या. चौघी जणी पुलावरून जायचो. त्यातल्या तिघी मॅट्रिक झाल्या. चौथीचे लग्न नववीत झाले. आजही ती भेटली की त्या पुलाचे बोलते.

दादी १९८९ साली अल्लाहला प्यारी झाली. तोपर्यंत तिने रेशन कार्डापासून बँकेपर्यंत कुठेही अंगठा केला नाही. बँकेतला माणूस सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवायचा, ती तो परत सरकवून पेन मागायची.

मी दहावीनंतर काही वर्षे शिवणकाम केले, मग उल्हासनगरात अंगणवाडीत लागले. एकतीस वर्षे तिथे काढली. तीन ते सहा वर्षांची पोरे सिंधी, भोजपुरी, मराठी, हिंदी सगळे एकाच दमात बोलतात. मी रिकाम्या आगपेट्या जमवल्या. शनिवारी घरचा शब्द आणायला लावला. बाहेरून तपासणीला आलेल्या मॅडमनी विचारले की ही पद्धत कोणत्या प्रशिक्षणातली? मी म्हटले, अंबरनाथची.

२६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्या वस्तीत शिरल्या. बदलापुरात तळमजल्याच्या घरांत पाणी भरले. चार-पाच दिवसांनी गाड्या सुरू झाल्यावर मी बाईंकडे गेले. सत्तरी ओलांडलेल्या बाई अंगणात दोरीवर भिजलेली पुस्तके उघडून वाळत घालत होत्या. मला दादीची दोरीवरची अक्षरे आठवली आणि मी ते त्यांना सांगितले. त्यांना फार मजा वाटली. चिखल काढता काढता आम्ही दुपारपर्यंत बोललो. मी विचारले, “बाई, त्या दिवशी तुम्ही अब्बांची सही का घेतली नाहीत? ते तर लगेच देणार होते.” त्या म्हणाल्या, “वडिलांची सही घेतली असती तर तू पाचवीत गेली असतीस आणि घरात रोज भांडण झालं असतं. ज्याची हरकत आहे, सही त्याचीच घ्यावी.” एकतीस वर्षांत मला कोणत्याही प्रशिक्षणात याहून उपयोगी काही मिळाले नाही.

बाई २०१३ साली गेल्या. त्यांच्या पश्चात मी सावित्रीबाईंविषयी वाचू लागले, आणि तिथे मला फातिमा शेख भेटल्या. जोतिरावांना वडिलांचे घर सोडावे लागले तेव्हा पुण्यात उस्मान शेख यांनी या जोडप्याला आपल्या घरी आसरा दिल्याचे सांगितले जाते, आणि सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. शाळेचा भार ती सांभाळते आहे, याची जाणीव त्या ओळीत आहे. आजारी बाई माहेरी आणि तिच्या जागी दुसरी बाई वर्ग घेते आहे. एक फुले, एक शेख. आमच्या ओट्यावर त्या रविवारी एक बाई आणि एक दादी एकाच ताटातले तांदूळ निवडत होत्या, तेव्हा दोघींनाही फातिमाचे नाव माहीत नव्हते. असते, तर दादीने तेही नाव लिहायला शिकून घेतले असते.

हे सगळे आज लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला. २० ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल बंद होत्या. त्या आठवड्यात माझी भाची, जिची मुलगी बालवाडीत आहे, मला म्हणाली, “खाला, मी तिला आता घरीच ठेवते. शाळाच नको.” तिच्या आवाजात मला दादीचाच आवाज ऐकू आला. रुळांपलीकडे, गर्दीतून, पोरगी कशाला पाठवायची?

तिची भीती खोटी नव्हती आणि मी ती खोटी ठरवली नाही. बाईंनी दादीचे निम्म्या शर्टांचे नुकसान खोटे ठरवले नव्हते. आम्ही दोघी मिळून शाळेत गेलो आणि विचारले: मुलींना स्वच्छतागृहात कोण नेते? ती बाई आहे का? शाळेतली प्रत्येक माणसे कोण, त्यांची चौकशी झाली आहे का? कॅमेरे चालू आहेत का आणि ते कोण पाहते? पालकांना वर्गात कधी येता येईल? मुख्याध्यापिकेने पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या, पण उत्तरे दिली आणि दोन गोष्टी आमच्यासमोर बदलल्या. घरी भाचीने मुलीला सांगितले की अंगाला कोणी हात लावला आणि नको वाटले तर ओरडायचे आणि अम्मीला सांगायचे, कोणी कितीही दटावले तरी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर तिने फ्रिजवर चिकटवला. मुलीच्या वर्गशिक्षिकेला ती आता नावाने ओळखते आणि दर शनिवारी दोन मिनिटे तरी बोलते. पोरगी शाळेत जाते आहे.

आपल्या घरांत शाळेची निवड करताना आपण माध्यम विचारतो, फी विचारतो, गाडी येते का ते विचारतो. ते विचारायलाच हवे. पण एक प्रश्न आणखी विचारावा: या शाळेत माझ्या लेकराला नावाने, घराने आणि घरच्या शब्दाने ओळखणारे कोणी आहे का? जिथे अशी एक बाई किंवा एक गुरुजी असतात, तिथे मूल सुरक्षितही राहते आणि शिकतेही. असे शिक्षक आजही आहेत. सरकारी शाळांत आहेत, उर्दू शाळांत आहेत, छोट्या बालवाड्यांत आहेत. त्यांच्याकडे आपण पालक म्हणून फक्त तक्रार घेऊनच जातो, ही सवय बदलता येईल.

माणसांचे उपकार मानणे हा अल्लाहच्या शुक्राचाच एक भाग आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. ज्यांचे पहिली-दुसरीचे शिक्षक हयात आहेत, त्यांनी या रमजानमध्ये किंवा ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन त्यांच्या दारी जावे. बरोबर आपली मुले न्यावीत. शिक्षक कोणत्याही धर्माचे असोत, अंबरनाथचे असोत की आणखी कुठले, त्यांना तुमचे नाव आठवेलच असे नाही. तुम्ही तुमचा बाक सांगा, शेजारी कोण बसायचे ते सांगा. मग ते आठवायला लागतात. आणि घरात कोणी वडीलधारे अजून अंगठा करत असतील, तर नातवंडांच्या हाती पाटी द्या. तीन आठवडे लागतात.